विमान हाताबाहेर जाते तेव्हा...

छोटे खासगी विमान कोसळल्याची बातमी आली, की पहिला प्रश्न विचारला जातो तो इंजिनाविषयी. इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे खाली येणार, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चार आसनांचे सेसना १७२ हे विमान इंजिन बंद असतानाही तरंगत राहते. वारा नसेल तर एक किलोमीटर उंचीवरून ते सुमारे नऊ किलोमीटर अंतर कापू शकते. खासगी विमानांच्या प्राणघातक अपघातांचे अमेरिकेतील सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. ते म्हणजे उड्डाणात वैमानिकाचे विमानावरील नियंत्रण सुटणे.

गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू हे त्याचे बहुचर्चित उदाहरण. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराच्या किनाऱ्यालगत ते ‘लाँग-ईझेड’ हे घरगुती बांधणीचे विमान एकटेच चालवीत होते. इंधनाची टाकी बदलण्याची खिटी मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पुढ्यात होती. हे विमान बांधणाऱ्याने मात्र ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. तिथवर हात नेण्यासाठी अंग वळविताना डेन्व्हर यांचा पाय नकळत उजव्या पेडलवर दाबला गेला आणि नियंत्रण सुटले, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. उड्डाणापूर्वी त्यांनी इंधन भरून घेतले नव्हते, हेही मंडळाने नोंदविले आहे.

हे पेडल ज्या ‘रडर’ला जोडलेले असते, ती शेपटीवरील उभी झडप. तिच्यामुळे नाक डावीकडे किंवा उजवीकडे वळते. शेपटीवरील आडवे ‘एलिव्हेटर’ नाक वर-खाली करते, तर पंखांच्या टोकांकडील ‘एलेरॉन’ विमानाला एका कुशीवर कलवितात. या तिन्ही झडपांचे काम एकाच गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे पंखांवरून आणि शेपटीवरून सुरळीत वाहणारी हवा.

पंख समोरून येणाऱ्या हवेशी साधारण १५-१६ अंशांहून अधिक कोन करू लागला, की वरच्या बाजूचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचल एकदम घटते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारीचे इंजिन ‘स्टॉल’ होते त्याच्याशी याचा काहीही संबंध नाही. इंजिन व्यवस्थित गुरगुरत असतानाही विमान स्टॉल होऊ शकते. खरी अडचण मानवी स्वभावाची आहे. जमीन जवळ येताना दिसली, की हात आपोआप नियंत्रण दांडा मागे ओढतो. त्याने नाक वर जाते, कोन आणखी वाढतो आणि स्टॉल अधिकच बळावतो. उपाय नेमका उलटा आहे. दांडा पुढे ढकलून कोन कमी करायचा आणि मग इंजिनाची शक्ती वाढवायची.

वळणात हा धोका वाढतो. ६० अंश कलून उंची राखत वळताना पंखांना विमानाच्या दुप्पट वजन पेलावे लागते आणि स्टॉल होण्याचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. सर्वांत घातक ठरते ते उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण. धावपट्टीची रेषा ओलांडली गेली, की वैमानिक अधिक कलण्याऐवजी रडरने नाक ओढून घेऊ पाहतो. मग एक पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरक्या घेत खाली येऊ लागते. हाच ‘स्पिन’. सेसना १७२ मध्ये एका गिरकीतून सावरायला साधारण हजार फूट उंची लागते. त्या वळणावर ती जेमतेम पाचशे फूट असते.

स्पिनमधून सुटण्याचे श्रेय ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांना दिले जाते. २५ ऑगस्ट १९१२ रोजी त्यांचे अॅव्ह्रो विमान सातशे फुटांवरून गिरक्या घेऊ लागले. दांडा मागे ओढूनही उपयोग होईना, तेव्हा त्यांनी रडर पूर्ण उलट दिशेला दाबले आणि जमिनीपासून अवघ्या पन्नास फुटांवर विमान सावरले. आज शिकविला जाणारा क्रमही त्याच तत्त्वावर आहे. इंजिन मंद करायचे, एलेरॉन मध्यावर ठेवायचे, रडर गिरकीच्या विरुद्ध दाबायचे आणि दांडा पुढे न्यायचा. तपशील मात्र त्या-त्या विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे बदलतात. सिरस विमानांत तर संपूर्ण विमानासाठी पॅराशूटच दिलेले असते आणि स्पिनमध्ये तेच वापरावे, असा निर्मात्यांचा आदेश आहे.

अमेरिकेत खासगी परवान्यासाठी स्पिनचा सराव १९४९ पासून सक्तीचा नाही. स्पिन शिकविण्यापेक्षा स्टॉल टाळायला शिकवावे, हा त्यामागचा युक्तिवाद. पाचशे फुटांचे गणित पाहता तो पटतो. तरीही जमीन गरगर फिरताना ज्याने कधी पाहिलेली नाही, त्याचा हात ऐनवेळी दांडा पुढे नेईल का, ही शंका उरतेच.

स्पिनसारखाच भासणारा, पण वेगळा प्रकार म्हणजे सर्पिल घसरण. अंधारात किंवा धुक्यात क्षितिज दिसेनासे झाले, की कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा फसते आणि विमान कललेले असूनही सरळ वाटते. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी (ज्युनियर) यांचे पायपर सॅराटोगा विमान मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात पडले, ते याच दिशाभ्रमामुळे. स्पिनमध्ये वेग कमीच राहतो, सर्पिल घसरणीत तो झपाट्याने वाढतो. अशा वेळी दांडा नुसता ओढल्यास वळण आवळत जाते. आधी शक्ती कमी करून पंख सरळ करायचे आणि नाक नंतर उचलायचे. डोळे मात्र उपकरणांवरच ठेवायचे.

नियंत्रणाची तार तुटणे किंवा झडप अडकणे हे त्या मानाने क्वचित घडते. एलिव्हेटर निकामी झाले, तर ट्रिमचे चाक आणि इंजिनाची शक्ती यांच्या साह्याने नाक वर-खाली करता येते. एलेरॉन अडकले तर रडरने हलके वळण घेता येते. मात्र यासाठी लांब धावपट्टी आणि संयम दोन्ही हवे.

यातील काही संकटे जमिनीवरच पकडता येतात. बारामती वा गोंदियाच्या धावपट्टीवरील प्रशिक्षणार्थी असो की हजारो तासांचा अनुभवी वैमानिक, उड्डाणापूर्वी प्रत्येकाला झडपांना लावलेले कुलूप काढले आहे ना, हे पाहावे लागते. मग नियंत्रणे शेवटपर्यंत फिरवून झडपांकडे नजर टाकायची. ती नुसती मोकळी हलतात एवढ्याने भागत नाही. दुरुस्तीत तारा उलट जोडल्या गेल्याचेही प्रकार घडले आहेत. उजवीकडे वळविल्यावर उजव्या पंखाचे एलेरॉन वर उचलले गेले पाहिजे आणि डाव्याचे खाली.