वेळा किती, यापेक्षा वाटी केवढी

अमेरिकेतल्या ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’ने 2022 साली 24 हजारांहून अधिक पाळीव कुत्र्यांची माहिती तपासली. दिवसातून एकदाच जेवणाऱ्या कुत्र्यांत दात, सांधे, मूत्रपिंड, यकृत यांच्या तक्रारी कमी आढळल्या. झालं, माणसांतल्या उपवासाच्या लाटेत कुत्रीही एकभुक्त व्हायला हवीत, असा अर्थ काढला गेला. पण ही माहिती मालकांनी प्रश्नावलीत भरून दिलेली होती आणि तीही एकाच वेळची. आधी काय घडलं नि मग काय, हे त्यातून कळत नाही. पोट बिघडलेल्या किंवा मूत्रपिंड थकलेल्या कुत्र्याला थोडं थोडं, अनेकदा द्या, असं डॉक्टरच सांगतात. मधुमेह्याला इन्सुलिनबरोबर सहसा दोन वेळा खायला लागतं. म्हणजे जास्त वेळा खाऊन कुत्रं आजारी पडलं, की आजारी म्हणून जास्त वेळा खातं? खुद्द संशोधकांनीही या आकड्यांवरून कुत्र्याच्या जेवणाच्या वेळा बदलू नका, असंच बजावलं होतं.

आयुष्य वाढल्याचा भक्कम पुरावा आहे तो वेळांबद्दल नव्हे, मापाबद्दल. प्युरिना कंपनीच्या प्रयोगात 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, तेही जन्मभर. 2002 साली निष्कर्ष आले, तेव्हा कमी खाणारी साधारण 13 वर्षं जगली होती, दुसरी 11.2, सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा गाठत होती. आता घरातला हिशेब पाहू. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी पुरतात. ग्लुकोजच्या एका बिस्किटात वीस-पंचवीस. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन, संध्याकाळी मुलांच्या हातून दोन, की दिवसाचा जवळपास सहावा हिस्सा गेला, आणि तो ‘जेवण’ म्हणून कोणीच धरत नाही.

लांडगा रोज कुठे जेवतो, असा एक आक्षेप असतो. खरं आहे, शिकार मिळाली की तो पोट तट्ट होईतो खातो. पण पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्याहून कितीतरी जास्त आहेत, हे 2013 मध्ये दिसलं. माणसाच्या उष्ट्यापाष्ट्यावर हजारो वर्षं काढलेला हा प्राणी आहे. शिवाय ग्रेट डेन, जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या जातींत एकाच वेळी भरपूर खाल्ल्याने पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका वाढतो, आणि तो काही तासांत जीव घेऊ शकतो. काही कुत्री रिकाम्या पोटी पहाटे पिवळं पित्त ओकतात. त्यांना रात्री उशिरा दोन घास दिले की बहुधा थांबतं. म्हणून मोठ्या कुत्र्याला दोन वेळा, पिल्लाला सहा महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा, ही रूढ पद्धत वाईट नाही. ‘तो मागतो हो सारखा’ ही सबब मात्र टिकत नाही: अनेक लॅब्रॅडॉरमध्ये भूक भागल्याचा निरोप देणारं जनुकच तुटलेलं असतं. त्याच्या डोळ्यांपेक्षा बरगड्यांवर हात फिरवून पाहावं. हलक्या बोटांना त्या लागत नसतील, तर वेळा तशाच ठेवून वाटीतलं माप कमी करायचं, बिस्किटं धरून.