चार अब्जांचा रकाना

खेड तालुक्यातील निघोजे हे गाव एका पिढीपूर्वी सातबाऱ्यावरील पीकपाण्याच्या नोंदींत नांदत होते. आज त्याचे नाव कारखान्यांच्या पत्त्यांत वाचावयास मिळते. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना चाकण परिसरात उभा राहिला, ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्‌घाटन झाले, पाठोपाठ २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना खुद्द निघोज्याच्या शिवारात सुरू झाला, आणि या मोठ्यांच्या आश्रयाने सुटे भाग, डाय व फिक्श्चर घडविणारी लहान वर्कशॉपे चहूकडे वसली. भूसंपादन, रस्ते आणि रोजगार यांच्या अंगाने या स्थित्यंतराची चर्चा नेहमीच होते. त्याच कालखंडात डिझाइनच्या टेबलापासून यंत्रापर्यंत आणि एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात कामगारांच्या खिशातून हिंडलेल्या पेनड्राइव्हचा, आणि त्याला जन्मतःच जडलेल्या एका मर्यादेचा, मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

या मर्यादेचे मूळ चाकणच्या पहिल्या कारखान्याहूनही जुने आहे. फॅट, म्हणजे फाइल अ‍ॅलोकेशन टेबल, ही डिस्कवरील फाइलींची नोंद ठेवणारी व्यवस्था मार्क मॅकडोनल्ड यांनी १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी रचिली, ती फ्लॉपीसारख्या अल्प धारणेच्या साधनांकरिता. आणि यथावकाश विस्तार पावत १९९६ च्या ऑगस्टमध्ये, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर, तिने फॅट३२ हे रूप धारण केले. या व्यवस्थेत प्रत्येक फाइलीच्या नावे बत्तीस बाइटांची एक नोंद ठेविली जाते: आरंभीच्या अकरा बाइट नावाच्या, मधल्या काही तारीख, वेळ व आरंभस्थान यांच्या, आणि अखेरच्या चार बाइट फाइलीच्या आकाराच्या. तलाठ्याच्या दप्तरातील क्षेत्राचा रकाना ठरावीक अंकांपुरताच आखलेला असावा आणि त्याहून मोठी जमीन त्यात लिहिताच येऊ नये, तसा हा प्रकार होय. चार बाइटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ एवढी, म्हणजे चार जीबींस एक बाइट कमी. तिच्यावर एक बाइट जरी चढली, तरी डिस्कवर जागा कितीही मोकळी असो, ती फाइल दप्तरात दाखल होऊ शकत नाही. ज्या काळी घरगुती संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्कच एक-दोन जीबीची असे, त्या काळी चार जीबीची एकच फाइल ही कल्पनासुद्धा कोणास शिवली नसेल, तर त्यात रचनाकारांचा दोष तो काय?

पुढील दशकात ही कल्पना बिनदिक्कत व्यवहारात उतरली. एका डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावू लागल्या, आणि तिची अखंड प्रतिमा संगणकावर उतरवून घेणाऱ्यास प्रथमच या कुंपणाची धडक बसली. बहुधा फॅट३२ मध्येच फॉरमॅट होऊन येणारा आठ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह लावावा, पाच जीबीची फाइल त्यावर ओढावी, आणि विंडोज एक्सपीने डिस्कवर पुरेशी जागा नसल्याचे कळवावे, हा अनुभव त्या काळी सार्वत्रिक होता. हा मजकूर धादांत खोटा असल्यामुळे माणसे पेनड्राइव्ह बनावट समजून दुकानदाराशी हुज्जत घालीत. फाइल त्या फाइल सिस्टिमसाठी फार मोठी आहे, हे खरे कारण पुढल्या आवृत्त्यांनी स्पष्ट सांगावयास आरंभ केला, तेव्हा कोठे निदान भांडणाचा रोख बदलला.

निघोजे-चाकणच्या वर्कशॉपांत या प्रश्नास एक निराळाच पीळ पडला. सीएनसी वा व्हीएमसी अशा संगणक-नियंत्रित यंत्रावर चढवावयाचा प्रोग्रॅम बहुधा काही किलोबाइटांचा, फार तर काही एमबींचा. त्यास चार जीबींची हद्द कधी आडवी येण्याचा संभवच नाही. परंतु अनेक यंत्रांच्या कंट्रोलरना फॅट३२ खेरीज दुसरी व्यवस्था उमगत नसल्यामुळे पेनड्राइव्ह त्या पद्धतीने फॉरमॅट मारूनच ठेवावा लागतो. मग तोच पेनड्राइव्ह सायंकाळी कार्यालयात जातो, आणि त्यावर डाय-स्कॅनची अवाढव्य फाइल अथवा संगणकाच्या बॅकअपची प्रतिमा उतरविण्याची तजवीज होऊ लागली की काम अडते. कोणी जाणकार एका आज्ञेने त्याचे एनटीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या, ही हद्द नसलेल्या व्यवस्थेत रूपांतर करून देतो. त्यात आतील माहिती शाबूत राहते खरी, पण परतीची तशी वाट नाही. दुसऱ्या दिवशी यंत्रापाशी ‘पेनड्राइव्ह लागत नाही’ अशी तक्रार उठते, आणि पुन्हा फॉरमॅट मारताना ती शाबूत राखलेली माहितीही जाते. यात दोष ना यंत्राचा, ना कामगाराचा. दोन मालकांची चाकरी एकाच नोकरावर सोपविली गेली, एवढेच.

२००६ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्याच एक्सफॅट या व्यवस्थेने आकाराचा रकाना चाराऐवजी आठ बाइटांचा केला, आणि मर्यादा व्यवहारतः नाहीशी झाली. २००९ मध्ये एसडीएक्ससी मेमरी कार्डांनी ती व्यवस्था स्वीकारली, विंडोजमागोमाग मॅकनेही तिला थारा दिला. तथापि तिच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टचा परवाना घ्यावा लागे, आणि स्वस्त उपकरणांचे निर्माते त्या खर्चास सहसा तयार नसत. तिचे विनिर्देश खुले होऊन लिनक्समध्ये तिचा प्रवेश झाला तो २०१९ मध्ये. तोवर फॅट३२ वाचणारी यंत्रे कारखान्यांत रुजून गेली होती, आणि यंत्र हे संगणकाप्रमाणे चार-पाच वर्षांनी पालटले जात नाही. फार काय, याच पट्ट्यात बनणाऱ्या मोटारींसारख्या असंख्य मोटारींतील म्युझिक सिस्टिमनाही अद्याप फॅट३२ चाच पेनड्राइव्ह निःशंकपणे लागतो.

या साऱ्याकडे मागे वळून पाहता दोन मर्यादांतील भेद ध्यानी घेण्याजोगा वाटतो. विंडोजच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ ला ३२ जीबींची आणखी एक हद्द होती. १९९४ च्या उत्तरार्धात ती खिडकी रचताना आपणच तो आकडा ठरविला, असे मायक्रोसॉफ्टचे माजी अभियंते डेव्ह प्लमर यांनी पुढे सांगितले. खिडकी तात्पुरती होती, ती तीस वर्षे टिकली. ही हद्द निव्वळ हुकमाची होती, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाचणी आवृत्तीत, कमांड लाइनपुरती का होईना, ती दोन टीबींपर्यंत वाढविली तेव्हा एका यंत्रालाही बाधा पोहोचली नाही. चार जीबींची मर्यादा मात्र रचनेची आहे; ती वाढवावयाची तर प्रत्येक नोंदीचा साचा बदलावा लागेल, आणि तो साचा बदलताच जुन्या यंत्रांस ते दप्तर वाचता येणार नाही. सर्वांना वाचता येते हेच ज्याचे बळ, त्यास सुधारणेची मुभा नसते. म्हणून वर्कशॉपांनी अनुभवांती काढलेली तोडच शहाणपणाची: यंत्रासाठी फॅट३२ चा लहान पेनड्राइव्ह निराळा, कार्यालयासाठी एक्सफॅटची मोठी डिस्क निराळी, आणि दोहोंवर ठळक चिठ्ठी.