समुद्रकाकडीच्या पोटातला भाडेकरू

अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे आपल्या जुन्या हॅवलॉकला, डायव्हिंगला गेलेला प्रत्येक जण रंगीत माशांचे फोटो आणतो. वाळूत पडलेल्या समुद्रकाकडीकडे कोण बघतंय? मी आज तिच्याबद्दलच बोलणार आहे.

ही बाई श्वास घेते चक्क गुदद्वारातून! पाणी आत-बाहेर करायला ते दार उघडावंच लागतं. तिथूनच पर्लफिश नावाचा सडपातळ मासा आत घुसतो, बरेचदा शेपटी आधी घालून. काही जाती नुसत्या राहायला येतात, रात्री बाहेर जेवून परत. पण एन्केलिओफिस गटातले काही मासे आत बसून तिच्या प्रजननग्रंथीच खातात. आमच्या भाषेत सांगायचं तर, पहिल्याने फक्त लॉगिन केलंय, दुसरा डेटाबेस उडवतोय.

मग फोटो कसा काढायचा? रात्रीच्या डाइव्हला संधी जास्त. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, म्हणून टॉर्च हवाच, आणि कॅमेरा जवळ हवा.

पण मासा बाहेर यावा म्हणून समुद्रकाकडीला दाबू नका. फार त्रास झाला तर तिच्या काही जाती स्वतःची आतडी बाहेर टाकतात. ती पुन्हा वाढतात, पण त्याला कित्येक आठवडे जातात. शिवाय २००१पासून तिला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. वाघही त्याच यादीत आहे!

मी तर हात मागे बांधूनच थांबतो. मासा दिसला तर फोटो, नाही तर नुसती काकडी. तीही काही कमी भारी नाही.