पुसलेलं परत मिळायचं तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा अधिकृत आधार संपला. दिवाळी आठवड्यावर आली होती आणि घरोघरचे नीट चालणारे लॅपटॉप एका तारखेनं जुने ठरले. दुकानादुकानांतून 'नवीन विंडोज टाकून देतो'ची गडबड सुरू झाली. त्या गडबडीत आमच्या छापखान्यातल्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या घरचा लॅपटॉप एका सेवाकेंद्रात गेला. परत आला तेव्हा तो छान चालत होता आणि आत काहीही नव्हतं. सहकाऱ्यानं आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या बसून टाइप केल्या होत्या, काहींचं ध्वनिमुद्रण केलं होतं. वहिनी विचारायला गेल्या, तर त्यांच्यापुढे त्यांचीच सही असलेला फॉर्म सरकवला गेला. तळाशी बारीक इंग्रजीत छापलं होतं, की डेटाची जबाबदारी ग्राहकाची.

मला त्याचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. वीस वर्षांपूर्वी एखाद्या घाईच्या पोरानं हेच केलं असतं, तर त्या ओव्या बहुधा परत मिळाल्या असत्या. तेव्हा फॉरमॅट मारलेल्या डिस्कमधून माणसं मजकूर काढून आणत होती. मी ते अनेकदा पाहिलं आहे.

हार्ड डिस्कची सुरुवातीची वर्षं मी भरभर ओलांडतो. १९५६ साली आयबीएमनं पहिली डिस्क काढली. तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि तिच्यावर ५० लाख अक्षरं मावत. १९८० साली सीगेटनं पाच एमबीची छोटी डिस्क आणली. १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्ये 'अनफॉरमॅट' ही आज्ञा आली. फॉरमॅट करताना यंत्र जुन्या नोंदींची एक प्रत डिस्कवरच राखून ठेवी आणि ती आज्ञा दिली की जुनी मांडणी पुन्हा उभी राही. माणसाचा हात चुकतो हे गृहीत धरून कुणीतरी ती सोय केली होती, एवढं मात्र लक्षात ठेवण्याजोगं आहे. बाकी तो काळ माझा नव्हे.

माझा काळ १९९८ ते २००८ चा. पुण्यात पेठांमधून डीटीपीची दुकानं होती, घरात असेंबल्ड कॉम्प्युटर येत होते, पेन्टियम आणि सेलेरॉन हे शब्द आजोबांच्याही तोंडी होते. चार जीबीची डिस्क मोठी वाटायची, मग दहा, मग चाळीस. आमच्याकडे ऑगस्टपासून दिवाळी अंकांचं काम सुरू व्हायचं. पेजमेकर, श्रीलिपी नाहीतर आयएसएम, आणि शेजारी प्रुफांचे गठ्ठे. अख्खा अंक एका डिस्कवर असायचा, कारण दुसरी घ्यायला पैसे नसत. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे आणि त्या फ्लॉप्यांचा भरवसा नव्हता.

आणि त्याच दशकात तो 'इंजिनिअर' होता. काखेत सीडींचं पाकीट, खिशात स्टार स्क्रूड्रायव्हर. व्हायरस आला? फॉरमॅट. मशीन हळू चालतंय? फॉरमॅट. प्रिंटर छापत नाही? तरी फॉरमॅट. 'मारू ना फॉरमॅट?' असं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत सीडी आत गेलेली असायची. दोनशे-तीनशे रुपयांसाठी या लोकांनी किती घरांतले फोटो, किती संशोधकांची टिपणं, किती पोरांचे प्रोजेक्ट उडवले असतील याची मोजदाद कुणी केली नाही. रोग ओळखण्याचे कष्ट नकोत म्हणून रोग्याचं घरच रिकामं करायचं, ही त्यांची पद्धत होती. मी त्यांना तेव्हाही माफ केलं नव्हतं. त्यांच्याच धाकानं आपण डिस्कचे दोन भाग करायला शिकलो. सी ड्राइव्हवर विंडोज आणि डी ड्राइव्हवर आपली कामं. 'फक्त सी उडवा हं, डीला हात लावू नका,' हे वाक्य त्या दहा वर्षांत महाराष्ट्रात रोज कुठे ना कुठे बोललं गेलं असेल.

त्यात विजेची तऱ्हा. दशकाच्या उत्तरार्धात लोडशेडिंगनं कहर केला. यूपीएस दहा मिनिटांत मान टाकायचा आणि लिहिता लिहिता डिस्क बंद पडायची. वीज आल्यावर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सरकत जायचं आणि शेवटी 'फाइल०००१.सीएचके' अशा नावांचे अनाथ तुकडे हाती द्यायचं. त्या तुकड्यांतून कविता शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

पण डिस्क बोलायची. फॉरमॅट मारल्यावर नेमकं काय व्हायचं, ते सांगतो. झटपट फॉरमॅटमध्ये पुसली जायची ती फक्त नोंदवही: कुठली फाइल कुठे आहे, कुठली जागा भरलेली आहे, एवढंच. मजकूर जागच्या जागी असायचा. तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा जळाला म्हणून शेत हलत नाही, तसंच. एवढंच नव्हे, विंडोज एक्सपीपर्यंतचा तो तासभर चालणारा पूर्ण फॉरमॅटसुद्धा मजकुरावर काही लिहीत नसे. तो डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून खराब सेक्टर शोधायचा, बस. पडद्यावर शंभर टक्के झालं की लोक कपाळाला हात लावायचे आणि आत सगळं शाबूत असायचं.

हे ज्याला पक्कं माहीत होतं असा एक माणूस बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ बसायचा. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. सीपीयू रिक्षातून त्याच्याकडे न्यायचा. तो डिस्क बाहेर काढायचा, मागचा जंपर बदलून स्लेव्ह करायचा आणि आपल्या मशीनला जोडायचा. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: 'फॉरमॅटनंतर यावर काय काय टाकलं?' सगळं त्या उत्तरावर होतं. काहीच टाकलं नसेल तर तो म्हणायचा, 'निघेल. दोन दिवस द्या.' एक्सपी टाकून झालं असेल तर चेहरा जरा गंभीर व्हायचा. एक्सपीनं एक-दोन जीबी व्यापलेली, तेवढ्या जागेवरचं गेलं. चाळीसातल्या उरलेल्या अडतीस जीबीत शोधायचं. वर गाणी भरली असतील तर तो पैसे न घेता डिस्क परत द्यायचा.

फॅट३२ आणि एनटीएफएस या नोंदवहीच्या दोन पद्धतींतला फरकही मी त्याच्याकडूनच शिकलो. फॅट३२ वर फॉरमॅट मारला की फाइलीचा पहिला तुकडा सापडायचा, पण पुढचे तुकडे कुठे विखुरलेत याचा माग पुसलेला असायचा. म्हणून ज्यांनी नियमानं डीफ्रॅग केलेलं असे, त्यांच्या फाइली सलग आणि अख्ख्या निघायच्या. ज्यांनी केलेलं नसे, त्यांचा निम्मा लेख यायचा आणि पुढे दुसऱ्याच कुणाचं पत्र सुरू व्हायचं. एनटीएफएस त्या मानानं उदार होतं. नव्या फॉरमॅटनं नोंदींच्या तक्त्यातल्या सुरुवातीच्या थोड्याच ओळी नव्यानं लिहिल्या जायच्या, बाकीच्या जुन्या नोंदी नावागावासकट तिथेच पडून असायच्या.

२६ एप्रिल १९९९ चा सोमवार त्या पिढीला आठवत असेल. तैवानमधल्या चेन इंग-हाऊनं लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला आणि त्यानं भारतातही असंख्य मशीन झोपवली. तो डिस्कच्या सुरुवातीचा एक एमबी भाग कचऱ्यानं भरून टाकायचा आणि जमलं तर मदरबोर्डवरचा बायोसही उडवायचा. लोक रडकुंडीला आले. पण मोठ्या फॅट३२ डिस्कवर नोंदींचा पहिला तक्ताच एक एमबीहून मोठा असे, त्यामुळे त्याची दुसरी प्रत व्हायरसच्या हाती लागत नसे. त्या दुसऱ्या प्रतीवरून पहिली पुन्हा बांधून देणारी साधनं थोड्याच दिवसांत फुकट मिळू लागली. जुन्या फॅट१६ वाल्यांचे दोन्ही तक्ते त्या एका एमबीतच गेले. त्याच काळात पुण्यात काटकर बंधूंचं क्विक हील घराघरांत पोचलं. सातारा जिल्ह्यातून आलेल्या, कॅलक्युलेटरदुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या घरातून हे उभं राहिलं, याचा अभिमान मला तेव्हा वाटला आणि आजही वाटतो.

मराठीची अडचण वेगळीच होती. डिस्कमधून फाइल निघाली तरी अक्षरं वाचता येतीलच असं नव्हतं. त्या फाइलींत देवनागरी नव्हतीच. रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी आकार होते, आणि ते आकार दाखवणारा फॉन्ट सी ड्राइव्हबरोबर गेलेला असायचा. फाइल उघडली की चिन्हांचा आणि इंग्रजी अक्षरांचा चिखल. मग तोच फॉन्ट, त्याच आवृत्तीचा, शोधत फिरायचं. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट आणि युनिकोड देवनागरी आली होती, पण छपाईच्या धंद्यानं पुढची कित्येक वर्षं तिच्याकडे पाहिलं नाही. छापखान्यांनी ही दिरंगाई केली नसती तर मराठीतला कितीतरी मजकूर आज शोधता आला असता.

मग चित्र फिरलं. ते फिरल्याचं कुणी आपल्याला सांगितलं नाही, माझी मुख्य तक्रार हीच आहे. २००७ साली व्हिस्टा आली आणि तेव्हापासून पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहू लागला. एकदा शून्य लिहिलं की संपलं. पस्तीस वेळा पुसावं लागतं अशा ज्या गप्पा चालतात, त्यांचा उगम पीटर गुटमनच्या १९९६ च्या लेखात आहे आणि तो लेख त्या काळच्या डिस्कांबद्दल होता. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर ट्रिम आलं. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीवर झटपट फॉरमॅट मारला तरी विंडोज डिस्कला कळवतं, की ही सगळी जागा आता निरुपयोगी आहे. डिस्कमधला कंट्रोलर ती फावल्या वेळात खरोखर साफ करतो आणि वाचायला गेलं की शून्य हाती ठेवतो. २०१० मध्येच ऑस्ट्रेलियातल्या मर्डॉक विद्यापीठातल्या बेल आणि बॉडिंग्टन यांनी प्रयोग करून दाखवलं होतं, की झटपट फॉरमॅटनंतर एसएसडी काही मिनिटांत स्वतःला रिकामी करून टाकते. त्याच्या भरीला कूटबद्ध साठवण आली. नव्या लॅपटॉपांवर ती पुष्कळदा आपोआप चालू असते. फॉरमॅटमध्ये किल्ली गेली की मागे काही उरलं तरी ते निरर्थक आकड्यांचं वाळवंट. मोबाइल 'फॅक्टरी रीसेट' करताना हेच होतं.

या बदलाला न्याय्य बाजू आहे आणि ती मी नाकारत नाही. सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलात यांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ डिस्का तपासून २००३ साली निष्कर्ष छापले. त्यांतल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं, आजारपणाच्या नोंदी, हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर. आपल्याकडे भंगारात गेलेल्या डिस्कांत याहून बरं काही असेल असं मला वाटत नाही. खासगीपण राखण्यासाठी खरं पुसणं हवंच होतं. पण बटण तेच ठेवलं, प्रश्न तोच ठेवला, 'सर्व डेटा नष्ट होईल' ही सूचनाही तीच. ती सूचना वीस वर्षं पूर्ण खरी नव्हती, म्हणून लोक ती न वाचता पुढे जायला शिकले. आता ती शब्दशः खरी आहे आणि आपल्या बोटांना जुनी सवय आहे.

वहिनींचा लॅपटॉप घेऊन मी तपकीर गल्लीत गेलो. त्या जागेवर आता त्या डिस्कवाल्याचा मुलगा सीसीटीव्ही कॅमेरे विकतो. वडील खुर्चीत बसले होते. लॅपटॉपचं झाकणही न उघडता त्यांनी विचारलं, 'एसएसडी आहे? विंडोज टाकून किती दिवस झाले?' उत्तर ऐकून म्हणाले, 'वहिनींना सांगा, आता कुणाला पैसे देऊ नका. निघतो म्हणणारे भेटतील, पण यातून काही निघत नाही.' एवढा स्पष्ट सल्ला देणारी माणसं या धंद्यात आता थोडी उरली आहेत.

सेवाकेंद्रांनी काय करावं हे अवघड नाही. फॉरमॅटआधी डिस्कची प्रत काढून ती पंधरा दिवस ठेवावी आणि तिचे पैसे घ्यावेत, लोक आनंदानं देतील. फॉर्म मराठीत असावा आणि ती ओळ सही घेण्यापूर्वी तोंडी सांगावी. ज्या पोराला ट्रिम म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचा लॅपटॉप देऊ नये.

आणि जिथे अजून आशा आहे तिथे घाबरून घोळ करू नका. फिरत्या तबकडीची बाहेरची डिस्क, पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड, यांवर झटपट फॉरमॅट झाला असेल तर बहुतेक वेळा मजकूर आत असतो. त्यावर काहीही नवीन टाकू नका आणि शोधणारं सॉफ्टवेअर तर त्याच डिस्कवर मुळीच चढवू नका. आधी पूर्ण प्रत काढा आणि त्या प्रतीवर काम करा. फोटोरेक आणि टेस्टडिस्क ही ख्रिस्तोफ ग्रेनिए याची साधनं फुकट आहेत आणि लग्नाचे फोटो उडालेल्या कित्येक फोटोग्राफरांना त्यांनी वाचवलं आहे. नवीन डिस्क घेताना मात्र एसएमआर प्रकारची आहे का ते विचारा. तसल्या काही फिरत्या डिस्काही आता ट्रिम पाळतात.

जुन्या आयडीई डिस्का माळ्यावर असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. त्या यूएसबीला जोडायचं अडॅप्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून मिळतं. त्यांच्यावर दिवाळी अंक असतील, ग्रामपंचायतीचे ठराव असतील, कुणाच्या आजीची पाककृतींची वही असेल, आणि ते सगळं जुन्या फॉन्टांत असेल. फॉन्ट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये आणणारे पुण्यात मला तिघं माहीत आहेत आणि तिघांनीही साठी ओलांडली आहे. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.