कोड फुकट, अट मात्र पक्की

2002 च्या डिसेंबरात लिंकसिस कंपनीने डब्ल्यूआरटी54जी हा वायफाय राउटर बाजारात आणला. निळी-काळी डबी, मागे दोन अँटेना. पुढच्या मार्चमध्ये सिस्कोने सुमारे 50 कोटी डॉलरचे शेअर देऊन अख्खी लिंकसिस विकत घ्यायचं जाहीर केलं. त्यानंतर काही महिन्यांतच हौशी प्रोग्रामरांनी राउटरचं फर्मवेअर उतरवून घेतलं, उकलून पाहिलं, तर आत लिनक्स!

लिनक्स ही खुल्या कोडची ऑपरेटिंग सिस्टीम वापरणं हा गुन्हा नव्हे. ते कुणीही वापरावं, विकावं, त्यावर नफा कमवावा. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, त्याला नफ्याचं वावडं नाही. अट एवढीच, की तयार प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या हाती दिलात, तर त्याचा सोर्स कोडही, तुमच्या फेरफारांसकट, त्याच परवान्याखाली उपलब्ध करून द्यायचा. लिंकसिसने डब्या विकल्या, कोड दिला नाही. यात लबाडीपेक्षा हयगय जास्त असावी, असं मला वाटतं. चिप ब्रॉडकॉमची, सोबतचं सॉफ्टवेअरही पुरवठादारांकडून आलेलं. परवान्याचा कागद वाटेत कुठेतरी राहून गेला. पण डबीवर ज्याचं नाव, जबाबदारीही त्याचीच.

जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला आणि 2003 मध्येच कोड बाहेर आला. पुढे जे घडलं, त्यासाठी मला हा परवाना मोलाचा वाटतो. लोकांनी त्या कोडवर स्वतःची फर्मवेअर रचली. सिग्नलची ताकद कमी-जास्त करणं, कुणाच्या वाट्याला किती वेग हे ठरवणं, अशी महागड्या यंत्रांची कामं घरगुती डबी करू लागली. 2004 मध्ये सुरू झालेलं ओपनडब्ल्यूआरटी हे असंच फर्मवेअर आजही चालू आहे. 2005 मध्ये लिंकसिसने या राउटरमधली मेमरी कमी करून लिनक्स काढून टाकलं, तेव्हा लिनक्सवाल्यांसाठी डब्ल्यूआरटी54जीएल हे वेगळं मॉडेल तिला आणावं लागलं. जो कोड कंपनीने आधी दिलाच नव्हता, त्यानेच तिला गिऱ्हाईक मिळवून दिलं.

तक्रारी तरीही थांबल्या नाहीत. डिसेंबर 2008 मध्ये फाउंडेशनने न्यूयॉर्कमध्ये सिस्कोवर दावा लावला. मे 2009 मध्ये तडजोड झाली: परवाने पाळले जातात की नाही, हे पाहायला लिंकसिससाठी एक अधिकारी नेमायचा आणि फाउंडेशनला देणगी द्यायची.

आजचे मोठे वाद निराळे आहेत. जीपीएलची अट लागू होते ती प्रत दुसऱ्याच्या हाती गेल्यावर. क्लाउड कंपनी प्रत देतच नाही. प्रोग्राम तिच्याच संगणकावर चालतो, गिऱ्हाईक भाडं भरतं. 2007 च्या अफेरो जीपीएलने ही फट बुजवली, पण इलॅस्टिक कंपनीचं इलॅस्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर होतं अपाचे परवान्याखाली, आणि त्यात कोड परत देण्याची अटच नाही. ॲमेझॉनने त्यावर सेवा उभारली. वैतागलेल्या इलॅस्टिकने जानेवारी 2021 मध्ये परवाना बदलायचं जाहीर केलं, तर ॲमेझॉनने जुन्या कोडवरून ओपनसर्च काढलं.

इथे इलॅस्टिकची बाजू मला अर्धीच पटते. राबणाऱ्याला काही मिळावं, हे खरंच. पण तो सैल परवाना तिनेच निवडला होता आणि त्याच्या भरवशावर बाहेरच्या अनेकांनी आपला कोड तिथे दिला होता. 2024 मध्ये इलॅस्टिकने अफेरो जीपीएलचा पर्याय खुला केला. त्याच वर्षी ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं. दोन्ही प्रकल्प आता वेगवेगळ्या वाटेने चालले आहेत.