मी टोका गमली

'चलाम चाणीप चेद.' मधल्या सुट्टीत हे वाक्य ऐकलं की आमच्या शाळेतलं कुणीतरी पोर मुकाट्यानं पाण्याची बाटली पुढं करतं. ही चची भाषा. शब्दाचं पहिलं व्यंजन उचलायचं, त्याच्या जागी च बसवायचा आणि उचललेलं व्यंजन शब्दाच्या शेवटी टाकायचं. मला म्हणजे चलाम, पाणी म्हणजे चाणीप, दे म्हणजे चेद. महाराष्ट्रात ही भाषा कोणी कोणाला शिकवत नाही, तिचं पुस्तक नाही, तरी पिढ्यान् पिढ्या ती पोरांच्या तोंडी आहे.

आता 'चेद' जरा जवळून पाहा. लिहिताना 'दे' हे एकच अक्षर. पण मूल त्यातून द सुटा करतं, ए मात्र जागेवर ठेवतं. पहिलीतल्या ज्या मुलाला अजून धड मात्रा देता येत नाही, तेही हे बिनचूक करतं. 'प्रसाद'चं काय होतं? 'चसादप्र'. प आणि र यांची जोडी फुटत नाही, दोघं मिळून मागं जातात. म्हणजे शब्दाच्या सुरुवातीची सगळी व्यंजनं हा एक गट आणि त्यामागचा स्वर हा वेगळा घटक, ही विभागणी त्या मुलाच्या डोक्यात पक्की आहे. भाषाशास्त्राचे विद्यार्थी हीच गोष्ट आकृत्या काढून शिकतात. 'आई'पाशी मात्र खेळ अडतो, कारण उचलायला व्यंजनच नाही. कोणी 'चाई' म्हणतं, कोणी 'चाईअ', आणि यावरून भांडणं होतात. ती भांडणं ऐकायला मला फार आवडतं.

मी पाथर्डी तालुक्यात मराठी शिकवते. व्याकरणाचा तास म्हटला की मुलांचे चेहरे उतरतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. विभक्तीचे प्रत्यय तक्त्यात घालून पाठ करायला लावले की जी भाषा ती मुलं झोपेतही चुकत नाहीत, तीच त्यांना परकी वाटू लागते. म्हणून आठवीच्या वर्गात मी उलट्या बाजूनं जाते: मराठी बाजूला ठेवा आणि स्वतःची एक भाषा बनवा. सुरुवातीला सगळे शब्दच बनवतात. त्यापलीकडं भाषेत काही असतं, हे त्यांना ती बनवायला घेतल्यावरच कळतं.

शब्द बदलून भाषा लपवायची आपल्याकडची परंपरा जुनी आणि देखणी आहे. सराफ, वाणी, दलाल यांची नंदभाषा हे तिचं उत्तम उदाहरण. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ती नोंदलेली आहे. त्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. नंदभाषेत केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ, अंगुळू दहा. शंभराला बिटी, हजाराला ढकार, रुपयाला भुरका, आण्याला फाटा. 'मंगी फाटा' म्हटलं की आठ आणे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दोन दलाल भाव ठरवून मोकळे. पण 'मंगी फाटा'ची रचना बघा: आधी संख्या, मग वस्तू, जसं 'आठ आणे'. चेहरा बदलला, हाडं मराठीचीच राहिली.

घोडेगावच्या किंवा काष्टीच्या जनावरांच्या बाजारात तर शब्दही लागत नाहीत. व्यापारी एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल किंवा उपरणं टाकतात आणि बोटं दाबून भाव बोलतात. धरलेली बोटं शेकड्याची की हजाराची, हे समोर उभं असलेलं जनावर पाहून दोघांनाही कळतं. आता पुष्कळ सौदे मोबाइलवर होतात, पण रुमाल अजून गेलेला नाही.

याच जिल्ह्यात गोदावरीकाठी श्रीरामपूर तालुक्यात डोमेग्राम आहे. चक्रधरस्वामींच्या वास्तव्यामुळं महानुभाव पंथीयांना ते पवित्र. या पंथानं मराठीला गद्य दिलं, आणि मराठीचं पहिलं व्याकरण मानलं जाणारं भीष्माचार्यांचं 'पंचवार्तिक'ही त्यांच्याकडचंच. त्यांनी आपले ग्रंथ परक्या हातात पडू नयेत म्हणून सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्या बनवल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं, एवढंच तत्त्व. पण किल्ली नसलेल्याला पान अगदी बंद. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी उघडलं. अशी लिपी उलगडते कारण आतली भाषा तीच राहते. तेच प्रत्यय पुन्हा पुन्हा शब्दांच्या शेवटी येतात, तीच क्रियापदं वाक्याच्या अखेरीस बसतात. अक्षरं लपवता येतात, भाषेच्या या सवयी लपवता येत नाहीत.

आणि मग मढी. आमच्याच तालुक्यातला कानिफनाथांचा गड, भटक्यांची पंढरी. होळीपासून पाडव्यापर्यंतच्या यात्रेत राज्यभरातून भटके समाज इथं उतरतात. गाढवांचा बाजार भरतो. बाजारातून नुसतं चालत गेलं तरी कानावर किती भाषा पडतात! वडार आणि वैदू यांच्या बोलण्याचं नातं तेलुगूशी, कैकाड्यांचं तमिळशी, बंजाऱ्यांची गोरमाटी राजस्थानकडची. या पिढीजात, नैसर्गिक भाषा आहेत. कोणी बसून बनवलेल्या नाहीत. लोक त्यांना सरसकट 'चोरभाषा' म्हणतात तेव्हा मला मनापासून राग येतो. तमिळशी नातं असलेली भाषा चोरांची कशी? पारुशी हा प्रकार वेगळा. भटक्यांमधल्या काही समाजांनी परक्यांसमोर बोलायला ती घडवली. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा अकरावा खंड, १९२२चा, अशाच बोल्यांना वाहिलेला आहे. शब्दाचं पहिलं व्यंजन बदलून तो ओळखू येऊ नये असा करायचा, ही युक्ती त्यात पुन्हा पुन्हा दिसते. म्हणजे चची भाषेचीच मोठी बहीण. फरक इतकाच की पोरं गंमत म्हणून लपवतात आणि हे लोक पोलिसांपासून, गावगुंडांपासून जीव वाचवायला लपवत होते. माझ्या वर्गात या समाजांची मुलं असतात. त्यांना मी त्यांचे शब्द फळ्यावर लिहायला सांगत नाही. ते सांगायचे की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

यंदाच्या वर्गानं पहिली यादी केली ती ऊस, वाढं, पाचट आणि मोळी या शब्दांची. निम्म्या घरांतले आईबाप कारखान्यावर तोडीला जातात, तेव्हा हे सगळ्यात आधी येणारच. मग भाकरीला 'टोका', आंब्याला 'झिरू' आणि खाण्याला 'गम' ठरलं. मी म्हटलं, आता वाक्य करा. मुलांनी झटकन सांगितलं, 'मी टोका गमली. मी झिरू गमला.'

मी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि विचारलं, खाणारा तोच, मग गमली आणि गमला का? वर्ग शांत झाला. भाकरी ती, आंबा तो, म्हणून. पण 'टोका' स्त्रीलिंगी आहे हे कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही. भाकरीचं लिंग टोकाला आपोआप चिकटलं होतं. शिवाय भूतकाळात क्रियापद खाणाऱ्याकडं न बघता खाल्लेल्या वस्तूकडं बघतं, हा मराठीचा नियमही गुपचूप नव्या भाषेत आला होता. भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, केळं खाल्लं: हे आपण दिवसभर बोलतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

एका मुलीनं ठरवलं, हे सगळं काढून टाकू. भूतकाळ म्हणजे 'गमप', सगळ्यांना एकच. छान. मग मी विचारलं, 'वाघ बकरी गमप' आणि 'बकरी वाघ गमप', दोन्हींचा अर्थ एकच का? मराठीत शब्द मागंपुढं केले तरी बिघडत नाही, वाघाने बकरी खाल्ली काय नि बकरी वाघाने खाल्ली काय, मरते बकरीच; कारण 'ने' सांभाळून घेतो. त्यांच्या भाषेत ने नव्हता. अर्धा वर्ग म्हणाला, क्रम पक्का करू. उरलेले म्हणाले, जो खाल्ला जातो त्याला शेपटी लावू, 'बकरीठ'.

या दोनच वाटा आहेत असं नाही, पण जगातल्या भाषा बनवणाऱ्यांना इथंच थांबून विचार करावा लागला आहे. झामेनहॉफनं १८८७ साली एस्पेरांतो प्रसिद्ध केली. ती सगळ्या जगाची दुसरी भाषा व्हावी अशी त्याची इच्छा होती, म्हणून व्याकरण अवघ्या सोळा नियमांचं. त्यानं शेपटीच निवडली. बकरा म्हणजे 'काप्रो', पण कोणी खाल्ला तर 'काप्रोन'. 'स्टार ट्रेक'साठी क्लिंगॉन रचणाऱ्या मार्क ओक्रांडनं क्रम निवडला, तोही जगात अगदी दुर्मीळ असलेला: आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. ऐकणाऱ्याला ती पृथ्वीवरची वाटू नये, हा हेतू. 'अवतार' चित्रपटाची नावी भाषा पॉल फ्रॉमर या भाषातज्ज्ञाची. तिच्यात खाणाऱ्याला एक खूण, खाल्लेल्याला दुसरी, आणि जो नुसता झोपतो किंवा चालतो त्याला खूणच नाही. मुलांना हे विचित्र वाटलं. मग आम्ही मराठीकडं वळलो. 'मुलगा झोपला', पण 'मुलाने भाकरी खाल्ली'. वर्तमानकाळात मात्र 'मुलगा भाकरी खातो', ने गायब. 'मी' आणि 'तू' यांना तो कधीच लागत नाही. आणि 'मुलगा धडा शिकला' इथं कर्म असूनही ने नाही! परग्रहावरच्या भाषेला इतकी वळणं नाहीत जितकी आमच्या घरातल्या भाषेला आहेत.

'बाहुबली'तली किलीकी मुलांना तोंडपाठ असते. कालकेयांसाठी मदन कार्की यांनी ती रचली, चित्रपट २०१५चा. मुलांना तिचे चक्क जिभेचे टकटक आवाज आवडतात. आपल्या भाषेत कोणते आवाज घ्यायचे, या वादात एकानं ळ नको म्हटलं, इंग्रजीत नाही आणि हिंदीतही दिसत नाही म्हणून. त्यावर शेजारचा मुलगा तावातावानं म्हणाला, मग मोळीला काय मोली म्हणायचं? ळ राहिला.

सगळ्यात मोठा वाद 'आम्ही'वरून झाला. यादीत एकच शब्द होता, 'नेक'. दोघीजणी नाटुकलं करत होत्या. एक म्हणाली, 'नेक मढीला जाणार.' दुसरीनं विचारलं, मी पण का? मराठीत हा प्रश्न येतच नाही. आम्ही म्हटलं की ऐकणारी बाहेर, आपण म्हटलं की ती आत. इंग्रजीत ही सोय नाही, एस्पेरांतोतही नाही. गुजरातीत आहे. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनम्', तमिळमध्ये 'नाङ्गळ्' आणि 'नाम्'. द्रविड भाषांच्या शेजारानं ही गोष्ट आपल्याकडं रुजली, असं बरेच अभ्यासक मानतात. मढीच्या बाजारात जे शेजार वर्षातून काही दिवस दिसतात, ते मराठीच्या आत शेकडो वर्षं आहेत. मुलांनी दुसरा शब्द बनवला.

सध्या काम संख्यांवर अडलं आहे. मराठीत एक ते शंभर जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. सत्तावीसमध्ये सात आधी आणि वीस मागून, एकोणतीसमध्ये तर तिसातून एक वजा. २०१९मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. गणित शिकणाऱ्या मुलाच्या बाजूनं पाहिलं तर तो बदल योग्य होता असं माझं मत आहे. 'सत्तावीस' बोलण्यातून कोणी काढून घेणार नव्हतं. एस्पेरांतोतही 'दुदेक सेप' म्हणजे दोन-दहा सात. वर्गात 'वीस सात'वाले जास्त आहेत. पण आजोबांबरोबर बाजाराला जाणारा एक मुलगा अडून बसला आहे: एकोणतीस राहिलंच पाहिजे, कारण सौदा तुटायला एकच कमी असतो तेव्हा तेच म्हणतात. मतदान पुढच्या सोमवारी आहे, आणि तोवर एक ते दहासाठी नंदभाषेचे आकडे वापरायचं ठरलं आहे.