चाळिशी ओलांडलेल्या दोंडाईचावासीयांनो, एवढं कराच!

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, पोटाचा घेर वाढतो. पण बरेचसे उपाय आपल्या खान्देशी घरातच आहेत.

🌾 ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खा. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात भरपूर. एकत्र दळले की प्रथिनांचा दर्जा सुधारतो.

🌶️ शेवभाजीची तर्री, पापड, लोणचं बेतानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं.

🚶 आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधीच.

💪 आठवड्यातून दोनदा जोर-बैठका, झेपतील तेवढ्याच.

🩺 रक्तदाब आणि साखर दरवर्षी तपासा.

आज रात्री जेवणानंतर घरच्यांसोबत पंधरा मिनिटं फिरून या. त्यानं रक्तातली साखर कमी चढते!